घर विकताना : आधी ओल, मग रंग

मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत जुन्या सदनिकांचे व्यवहार प्रामुख्याने सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये होतात. विक्रीचा निर्णय झाला की सर्वप्रथम रंगाऱ्याला बोलावण्याची प्रथा रूढ आहे. मात्र, घर दाखवण्याजोगे करणे म्हणजे केवळ भिंतींवर रंगाचा हात फिरवणे नव्हे. खरेदीदार आपली बरीचशी बचत आणि पुढील पंधरा-वीस वर्षांच्या कर्जफेडीची तयारी करून आलेला असतो. त्याला घर नीटनेटके दिसावे, तसेच ते आहे तसे दिसावे, या दोन्ही गोष्टी विक्रेत्याच्या हिताच्या ठरतात.

गळतीचे मूळ शोधा

बाह्य भिंतीच्या भेगांतून झिरपणारे पाणी, न्हाणीघरातील सैल झालेल्या फरशांचे सांधे आणि भिंतीत गाडलेल्या नळांची गळती ही ओलीची नेहमीची कारणे. अशा भिंतीवर थेट रंग दिल्यास क्षारांचा पांढरा थर काही महिन्यांतच वर येतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून आधी गळती बंद करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतरच रंगाचा विचार करावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच सामायिक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. शौचालय, मोरी, सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदावर पडतो. गळती बाहेरून असल्यास घर दाखवण्याच्या पुरेसे आधी संस्थेकडे लेखी अर्ज करणे इष्ट.

दोष रंगाखाली झाकण्याचा मोह महागात पडू शकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला, परंतु खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही न उमगणारा मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो दडवणे याच कलमात कपटपूर्ण मानले आहे. दुरुस्ती झालेली असेल तर तिचे बिल जपून ठेवावे आणि विचारल्यास दाखवावे.

आवराआवर आणि उजेड

मोठी दुरुस्ती आटोपल्यावर किरकोळ कामांकडे वळावे. ठिबकणारा नळ, वाहणारा फ्लश, सैल स्विच, न लागणारी कडी, फुटलेली काच या बाबी अल्प खर्चात दुरुस्त होतात. तशाच राहिल्या तर संपूर्ण घराची हेळसांड झाल्याची शंका खरेदीदाराच्या मनात येते. माळ्यावरील अडगळ, रद्दीचे गठ्ठे, दारापाशी पसरलेल्या चपला आणि गॅलरीत साठवलेले सामान हलवल्यास त्याच जागेत मोकळेपणा जाणवतो. ग्रिलमध्ये ठेवलेल्या वस्तू काढून खिडक्या पुसाव्यात. घर शक्यतो दिवसा, भरपूर उजेड असताना दाखवावे. स्वयंपाकघरातील ओट्याखालची व सिंकखालची जागा कोरडी असावी. अनुभवी खरेदीदार तेथे हमखास वाकून पाहतो. घर दाखवण्याच्या दिवशी दागिने, रोकड आणि महत्त्वाचे कागद कपाटात कुलूपबंद ठेवावेत.

कागदांची फाइल

घर पसंत पडूनही व्यवहार अडतो तो बहुधा कागदपत्रांपाशी. पूर्वीच्या सर्व खरेदी करारांची साखळी, मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक २, भागप्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कराची व संस्थेच्या देखभाल शुल्काची अद्ययावत पावती आणि गृहकर्ज असल्यास बँकेचे शिल्लक रकमेचे पत्र, अशी फाइल घर दाखवण्यापूर्वीच तयार ठेवावी. भागप्रमाणपत्रावर दिवंगत सभासदाचे नाव असेल, तर वारसांच्या नावे हस्तांतरणाचे काम आधी हाती घ्यावे.

आदर्श उपविधींनुसार भागहस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची सूचना संस्थेला द्यावी लागते. या उपविधींत हस्तांतरणासाठी ना हरकत प्रमाणपत्राची सक्ती नाही. तरीही खरेदीदाराला कर्ज देणारी बँक ते मागते, म्हणून वेळेत अर्ज केलेला बरा. राज्य शासनाच्या २००१ च्या परिपत्रकाने महापालिका क्षेत्रांतील संस्थांसाठी हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये ठरवून दिली.

क्षेत्रफळ सांगतानाही नेमकेपणा हवा. 'सुपर बिल्टअप'चा मोठा आकडा सांगण्याऐवजी करारात नमूद केलेले चटई क्षेत्र सांगावे. गॅलरी बंद करून खोलीत घेतली असेल किंवा आतली भिंत पाडली असेल, तर तिला परवानगी होती की नाही, हेही सांगावे. संस्थेने वाटून दिलेली पार्किंगची जागा सभासदाला परस्पर विकता येत नाही. तिची स्वतंत्र किंमत लावल्यास पुढे वाद उद्भवतो. इमारत जुनी असल्यास संरचनात्मक तपासणीच्या अहवालाची प्रत संस्थेकडून मागून घ्यावी. मुंबई महापालिका हद्दीत तीस वर्षांपुढील इमारतींना अशी तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे.

दुरुस्तीची बिले आणि कागदांची ही फाइल समोर ठेवणाऱ्या विक्रेत्याला किमतीच्या बोलणीत ठामपणे बसता येते. उलट, आढळलेली प्रत्येक लपवाछपवी खरेदीदार भाव पाडण्यासाठी वापरतो, किंवा दुसरे घर पाहू लागतो.