बँकच लुटली गेली तर?

भोर-वेल्ह्याच्या गटांच्या बैठकीत फसव्या फोनचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आपण ओटीपी नाही दिला, पण बँकच लुटली गेली तर?"

पुण्यात तसं घडलंय. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँका बंद. कॉसमॉस ही 1906 सालची सहकारी बँक. त्या दिवशी काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून तिचे सुमारे 78 कोटी रुपये निघाले, भारतातूनही अडीच कोटी. सोमवारी आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले.

हे झालं कसं? कार्ड घातलं की एटीएम बँकेच्या संगणकाला विचारतं, पैसे द्यायचे का? चोरांनी बनावट कार्डं केली आणि मधल्या वाटेवर स्वतःची खोटी यंत्रणा बसवली. ती परस्पर "द्या" म्हणत राहिली. आपल्या गटाच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या परक्याच कुणी करत बसावं, तसं. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असं बँकेने सांगितलं. पण सहकारी बँकेचं नुकसान म्हणजे सभासदांचंच ना?

2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा केली. ते एटीएममधून पैसे काढणारे, म्हणजे नुसते हमाल. मालक कोण? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2019 च्या अहवालात उत्तर कोरियाचं नाव घेतलं. 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर गेले, तेव्हाही बोट तिकडेच गेलं. तो देश असे आरोप नाकारतो.

तोरण्या-राजगडावरून शत्रू लांबून दिसायचा, दरवाजे लावता यायचे. हा शत्रू दिसतच नाही. आपल्या भूमीवरून दुसऱ्यावर असे हल्ले होऊ देऊ नयेत, असा नियम संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने 2015 मध्येच सुचवला होता. पण तो ऐच्छिक. पुण्याचे पोलीस परक्या सरकारला कसे आणणार?

मग उरते आपल्या सरकारची जबाबदारी. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेचे किमान नियम काढले. उशिरा, पण काढले. बँक बुडालीच तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे.

आता गटाचं खातं उघडताना आम्ही व्याजाबरोबर हेही विचारतो: तुमच्या संगणकाची तपासणी शेवटची कधी झाली? साहेब आधी हसतात. मग आत जाऊन कुणाला तरी विचारून येतात.