मोजता न येणाऱ्या कामाचा हिशेब

वर्षाअखेरीस देणगीदाराचा फॉर्म येतो आणि त्यातल्या ‘प्रभाव’ या रकान्यापाशी लहान संस्थांची लेखणी अडते. बचत गट किती, बैठका किती, उपस्थिती किती, हे सगळं रजिस्टरात असतं. पण ग्रामसभेत कधी तोंड न उघडलेली बाई पाण्यावरून सरपंचांना जाब विचारते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि ती गटामुळे बोलू लागली, की मुलगी शिकून घरी आली म्हणून? हा दुसरा प्रश्न जास्त चिवट. हे पुस्तक मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

झालेला सगळाच बदल म्हणजे प्रभाव नव्हे. आपण गावात गेलोच नसतो तर काय झालं असतं, हे वजा करून उरतं ते आपलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम उभं केलं, तेव्हा ४७ गावं तुलनेला धरली होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. हे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिलं जातं, आणि द्यावंच. मात्र ‘त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही’ असं पाच माणसांच्या संस्थेला ऐकवणं अन्यायाचं आहे. मृत्यूची व्याख्या करत बसावं लागत नाही, धीटपणाची करावी लागते. शिवाय इतक्या गावांतल्या जन्ममृत्यूंची चोख नोंद वर्षानुवर्षं ठेवणं, हाच एक स्वतंत्र संसार असतो.

मग थोड्या पैशांत काय करता येतं? पहिली गोष्ट म्हणजे बरंच काही सोडून देता येतं. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक घरी जाऊन मुलापुढे साधा कागद धरतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. वाचनाची गोडी, कल्पनाशक्ती यांच्या वाटेला ते जात नाहीत. यावर आक्षेप घेता येतो, पण त्या कागदाने जे दाखवलं ते गावातल्या कोणत्याही आईबापाला कळतं.

कागदावर न मावणाऱ्या बदलांसाठी माणसांना विचारावंच लागतं, आणि विचारणारा संस्थेचा असला की उत्तरं गोड येतात. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात घडलेल्या एका पद्धतीत मुलाखत घेणाऱ्याला संस्थेचं नावच सांगत नाहीत. गेल्या काही वर्षांत घरात काय बदललं, कशामुळे बदललं, एवढंच तो विचारतो. संस्थेचं नाव आपणहून निघालं तर निघालं. आपल्याला बाहेरचे संशोधक परवडणार नाहीत, पण शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेशी कार्यकर्त्यांची अदलाबदल करता येते. रिक डेव्हिस यांनी नव्वदच्या दशकात बांगलादेशात विकसित केलेल्या पद्धतीत लोकांच्या तोंडून बदलाच्या गोष्टी गोळा करतात, त्यांतली सर्वांत महत्त्वाची निवडतात आणि तीच का निवडली हे लिहून ठेवतात. खरी शिस्त या लिहिण्यात आहे. ते गाळलं की उरतात यशोगाथा, आणि त्यांचं पीक आपल्याकडे मुबलक आहे.

प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. हाताशी फारच थोडे पैसे असतील, तर शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करा. ते गट सोडून गेलेल्यांविषयी आहे. त्यांची नावं जुन्या रजिस्टरांत असतात, बहुतेक जणी त्याच गावात राहतात, आणि त्यांना भेटायला एसटीच्या भाड्यापलीकडे फारसा खर्च येत नाही.