दुसऱ्या डिव्हिजनची ट्रॉफी जिंकून काय मिळतं? फ्रायबुर्ग, डेम्पो आणि २०१५-१६ चा सीझन

भोकरदनमधून बोलतोय, आणि आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ‘याला काय झालं? इथं टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सोडून कुणाला कशाचं पडलेलं नाही, आणि हा जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनचा फुटबॉल घेऊन बसलाय!’ तर मंडळी, आपलं गाव काही पहिल्यांदाच युरोपशी नातं सांगत नाहीये. हेच जुनं भोगवर्धन. इथल्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. त्यामुळे जर्मनी आपल्याला फार लांब नाही.

आज दोन क्लबांची गोष्ट सांगतो. एक जर्मनीचा, एक आपल्या शेजारच्या गोव्याचा. दोघं एकाच वर्षी, २०१५ च्या मे महिन्यात, आपापल्या देशाच्या पहिल्या डिव्हिजनमधून खाली घसरले. दोघांनी पुढच्याच सीझनमध्ये दुसरी डिव्हिजन जिंकली. इथपर्यंत गोष्ट सारखी. इथून पुढे मात्र एक वर गेला, आणि दुसरा मैदानातूनच निघून गेला. असं का झालं, हे कळलं की भारतातल्या फुटबॉलचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास कळतो.

आधी शिडी समजून घेऊ

आपल्याला आयपीएल माहिती आहे. तिथं शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तीच टीम, तीच जर्सी. खाली पडायचा प्रश्नच नाही. युरोपात तसं नसतं. तिथं लीग म्हणजे शिडी. जर्मनीची पहिली पायरी बुंडेसलिगा, १९६३ पासूनची. दुसरी पायरी म्हणजे त्सवायटे बुंडेसलिगा, १९७४ पासूनची. दोन्हीकडे १८-१८ टीम आणि प्रत्येकी ३४ सामने. दुसऱ्या डिव्हिजनच्या पहिल्या दोन टीम सरळ वर जातात. तिसऱ्या टीमला वरच्या डिव्हिजनमधल्या १६ व्या टीमशी दोन सामने खेळावे लागतात आणि त्यात जो जिंकेल तो वर. वरच्या शेवटच्या दोन टीम सरळ खाली.

म्हणजे टेबलाच्या तळाशी असलेल्या टीमचा सामनासुद्धा जीवनमरणाचा होतो. आणि खालच्या टीमला माहिती असतं, की आपण चांगलं खेळलो तर दार उघडं आहे. कुणाच्या ओळखीची गरज नाही, चिठ्ठीची गरज नाही.

फ्रायबुर्ग: पडले, उठले

फ्रायबुर्ग हे जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं, ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीतलं विद्यापीठाचं शहर. त्या वेळचं त्यांचं स्टेडियम साधारण २४ हजार लोकांचं. २३ मे २०१५, सीझनचा शेवटचा दिवस. फ्रायबुर्ग हॅनोव्हरमध्ये १-२ असं हरलं, टेबलात १७ वं आलं आणि खाली गेलं.

आता आपल्याकडची पद्धत काय? टीम पडली की पहिली कुऱ्हाड कोचवर. फ्रायबुर्गनं ख्रिस्तियान श्ट्राइखला ठेवलं. २०११ च्या डिसेंबरपासून तोच कोच होता, आणि पुढं २०२४ पर्यंत तोच राहिला. खाली आल्यावर टीव्हीचे पैसे कमी होतात, काही खेळाडू जातात. तरी नील्स पीटरसननं त्या सीझनमध्ये २१ गोल मारले आणि फ्रायबुर्ग ७२ गुणांसह दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतं झालं. ट्रॉफी मिळाली, आणि ट्रॉफीबरोबर बुंडेसलिगाचं तिकीट. वर गेल्यावर पहिल्याच वर्षी ते सातवे आले. २०२२ मध्ये तर जर्मन कपच्या फायनलपर्यंत पोचले.

त्याच सीझनमध्ये ६७ गुणांनी दुसरा आला आरबी लाइपझिग. हा क्लब नीट लक्षात ठेवा, कारण पुढे कामाला येईल. याच्या मागे रेड बुल, म्हणजे तीच ती एनर्जी ड्रिंकवाली कंपनी. पैशाला तोटा नाही. पण २००९ मध्ये त्यांना विकत मिळाली ती पाचव्या डिव्हिजनमधली जागा. तिथून २०१०, २०१३, २०१४ आणि २०१६ अशा चार बढत्या मैदानावर मिळवून ते वर आले. जर्मनीत अनेकांना हा क्लब आवडत नाही. पण सात सीझन त्यालाही शिडी चढावीच लागली.

डेम्पो: गोव्याचा राजा

आता गोव्यात येऊ. डेम्पो स्पोर्ट्स क्लब. खाणउद्योगातल्या डेम्पो घराण्याचा क्लब. जुन्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये २००४-०५ आणि २००६-०७, मग आय-लीगमध्ये २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. एकूण पाच वेळा भारताचा विजेता. कोच आर्मांदो कोलासो. मैदानात समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, आणि पुढं गोल मारायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २००८ मध्ये हा क्लब एएफसी कपच्या, म्हणजे आशियाई क्लब स्पर्धेच्या सेमीफायनलला गेला होता.

असा क्लब २०१४-१५ च्या आय-लीगमधून खाली घसरला. आणि इथंच पहिली गंमत आहे. त्या लीगमध्ये ११ टीम होत्या. डेम्पो शेवटचा नव्हता, शेवटून दुसरा होता. शेवटचा होता पुण्याचा भारत एफसी, कल्याणी समूहाचा नवा क्लब. पण तो कॉर्पोरेट एंट्रीनं, म्हणजे ठरलेली फी भरून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये आला होता, आणि अशा क्लबांना सुरुवातीची वर्षं खाली न पाडण्याचा नियम होता. शाळेत आपण ज्याला ढकलपास म्हणतो ना, तेच. शेवटचा आलेला पास, आणि त्याच्या वरचा नापास!

मग ढकलपास झालेल्या भारत एफसीचं पुढे काय झालं? तो क्लब एका सीझननंतर बंद पडला. त्याच वर्षी पुणे एफसीही संपला. या पुणे एफसीनं २००९ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधून खेळून बढती मिळवली होती आणि २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता झाला होता.

पुन्हा तोच ढकलपास

२०१५-१६. डेम्पो दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. पाच वेळच्या चॅम्पियननं कुठंही नाक न मुरडता तो सीझन खेळला आणि जिंकला. दुसरा आला पंजाबचा मिनर्व्हा. हेही नाव लक्षात ठेवा.

वरच्या आय-लीगमध्ये मात्र मागच्या वर्षीचाच सिनेमा परत लागला. नऊ टीम. शेवटचा आला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तोही कॉर्पोरेट एंट्रीवाला, त्यामुळे तो सुरक्षित. खाली गेला आठवा आलेला मिझोरामचा आयझॉल एफसी, जो आदल्या वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून, घाम गाळून वर आला होता.

आपल्या एसटीत कसं असतं बघा. कुणी रांगेत उभा राहतो, आणि कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. रुमालवाला बसतो, रांगेतला जालन्यापर्यंत उभा.

पण रुमालवाल्याची बाजूही ऐकून घेऊ. फुटबॉलमध्ये पैसा लावायला कंपन्या तयार होत नव्हत्या. पहिल्याच वर्षी खाली पडायची भीती असेल तर कोण कोट्यवधी घालणार? या थेट एंट्रीमुळेच २०१३ मध्ये बेंगळुरू एफसी आला, आणि पहिल्याच सीझनमध्ये विजेता झाला. म्हणजे नियमाला कारण होतं. अडचण एवढीच, की एकाला दिलेल्या सवलतीची किंमत दुसऱ्यानं मोजली, आणि ती किंमत मोजणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मे २०१६: शिडीच काढून घेतली

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. २०१४ पासून इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल सुरू झाली होती. आयपीएलसारखी, फ्रँचायझीवाली. मे २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं आणि त्याच्या व्यावसायिक भागीदारानं नवा आराखडा मांडला. आयएसएल सगळ्यात वर. आय-लीग तिच्या खाली, ‘लीग वन’ नावानं. त्याखाली दुसरी डिव्हिजन. आणि आयएसएल व लीग वन यांच्यात वर जाणं नाही, खाली येणं नाही.

डेम्पोच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही दुसरी डिव्हिजन जिंकलात, पहिलीत जायचं तिकीट हातात आहे, आणि तुम्हाला सांगण्यात येतं की ती पहिली आता दुसरी होणार, आणि खऱ्या पहिलीत जायचा रस्ता खेळातून जातच नाही. गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे दोन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, आणि डेम्पोनं जिंकलेली बढती घेतलीच नाही. तिघंही परत गोव्याच्या स्थानिक फुटबॉलमध्ये.

इथं एक गुंताही सांगायला हवा. आयएसएलच्या एफसी गोवा संघाच्या सुरुवातीच्या मालकांमध्ये डेम्पो आणि साळगावकर घराण्यांतले उद्योजक होते, आणि त्यांच्याबरोबर होते व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. चितेगावच्या कारखान्यातले टीव्ही ज्यांच्या घरात होते, त्यांना हे नाव नवं नाही. म्हणजे हे ‘गरीब बिचारे विरुद्ध श्रीमंत’ असं सरळ भांडण नव्हतं. दोन्ही बाजूंना तेच लोक होते. फरक हा, की एका स्पर्धेत जागा खेळून मिळत होती आणि दुसरीत करार करून.

रिकाम्या जागेवर कोण बसलं?

गोव्याचे क्लब गेले, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून घसरलेल्या आयझॉलला परत बोलावलं. २०१६-१७ मध्ये त्यांनी कोच आणला खालिद जमील. हा माणूस आधी बरीच वर्षं मुंबई एफसीचा कोच होता, आणि तिथून नुकताच बाहेर पडला होता. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता हेही आयझॉलमध्ये होते. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली, आणि आयझॉल ३७ गुणांनी भारताचं विजेतं झालं. मोहन बागान ३६ वर. वर्षभरापूर्वी जी टीम नापास केली होती, तीच बोर्डात पहिली!

आणि त्याच टेबलात शेवटचा कोण होता? मुंबई एफसी. २००८ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून वर आलेला हा क्लब त्यानंतर बंद झाला. डीएसके शिवाजियन्सही संपला, कारण मागची कंपनीच अडचणीत आली होती. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब उरला नाही.

आता मिनर्व्हा आठवा. डेम्पोच्या मागे दुसरा आलेला. त्याला २०१६-१७ मध्ये थेट एंट्री मिळाली, आणि २०१७-१८ मध्ये तो आय-लीगचा विजेता झाला. त्याच वर्षी उपविजेता होता मणिपूरचा नेरोका, जो आदल्या सीझनला दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला होता. म्हणजे ‘खालून आलेल्यांचा दर्जा नसतो’ हे म्हणणं मैदानानं लागोपाठ दोन वर्षं खोटं पाडलं. पण आयझॉलनं ट्रॉफी जिंकल्यावर आयएसएलमध्ये जागा मागितली, तेव्हा ती मिळाली नाही. मिनर्व्हालाही मिळाली नाही.

शिडी परत लावली

२०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या मध्यस्थीनं क्वालालंपूरला नवा आराखडा ठरला. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती. आणि पहिली बढती मिळाली पंजाब एफसीला. हा पंजाब एफसी म्हणजे नाव आणि मालक बदललेला तोच मिनर्व्हा. २०१६ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरा आलेला क्लब सात वर्षांनी देशाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला.

आणि डेम्पो? २०२३-२४ मध्ये पुन्हा खालच्या लीगमध्ये उतरला, दुसरा आला आणि आय-लीगमध्ये परतला. फ्रायबुर्गला जे एका उन्हाळ्यात मिळालं, त्याला डेम्पोला आठ वर्षं लागली. आठ वर्षं म्हणजे एका खेळाडूची जवळजवळ अख्खी कारकीर्द. २०१६ मध्ये २२ वर्षांचा असलेला पोरगा २०२४ मध्ये ३० चा झाला. क्लब परत येतो, त्या पोराची वर्षं येत नाहीत.

खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचा मुख्य कोच झाला. परदेशी कोचांच्या लांबलचक रांगेनंतर एक भारतीय माणूस, ज्याचं नाव एका घसरलेल्या टीमनं मोठं केलं.

आता वळू आपल्या टूर्नामेंटकडं. तालुक्याच्या मैदानावर स्पर्धा भरते, ६४ टीमची नोंद होते, आणि आयोजकांची टीम थेट सेमीफायनलला! आपण हसतो, दोन शिव्या देतो आणि सोडून देतो. पण पुढच्या वर्षी खेड्यातल्या किती टीम एंट्री फी भरतात, हे मोजा. फुटबॉलमध्ये तेच झालं, फक्त आकडे मोठे होते. लाइपझिगला रांग चुकली नाही म्हणून जर्मनीची रांग टिकली. आपल्याकडं रुमाल टाकणाऱ्यांची सोय झाली, आणि रुमाल टाकणारे पुण्याचे दोन्ही क्लब आज नाहीत.

तुमच्या गावात, तुमच्या खेळात अशी शिडी आहे का? कबड्डी असो, कुस्ती असो, क्रिकेट असो, व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट पुढच्या भागात ऐकवू. तोवर, राम राम मंडळी.