हैदराबाद शहर पोलीस संघ व सेलू

इ. स. १९५६ पर्यंत सेलू हैदराबाद राज्यांत होतें. म्हणून हैदराबाद शहर पोलीस या फुटबॉल संघाचा इतिहास आमच्याही इतिहासाचें एक पान होय. या संघानें इ. स. १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकिला. संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्याच हाताखालीं भारतानें इ. स. १९५१ व १९६२ चीं आशियाई सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें राज्याची त्रिधा विभागणी झाली. सेलू मुंबई राज्यांत आलें, व संघ कालांतरानें आंध्र प्रदेश पोलीस या नांवानें खेळूं लागला. परंतु सीमा बदलल्या म्हणून साधनें परकीं ठरत नाहींत. मराठवाड्यांतील दप्तरांत या सामन्यांचीं कात्रणें वा छायाचित्रें आढळल्यास संग्राहकांनीं तीं रद्दींत घालूं नयेत, इतकीच आमची विनंती आहे.