छतावरील सौरसंच : सुरक्षित उभारणीसाठी आवश्यक गोष्टी

व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छतावर २००८ साली सुमारे २,४०० सौरपॅनेल बसवण्यात आली. वास्तुविशारद पिएर लुइजी नेर्व्ही यांनी उभारलेल्या व १९७१ साली खुल्या झालेल्या या वास्तूचे मूळ रूप न बिघडवता हे काम पार पडले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि बंगले, चाळी, शाळा, चर्चच्या सभागृहांवरही पॅनेल दिसू लागली. या कामी किमतीची चौकशी सर्वजण करतात. सुरक्षिततेची चौकशी मात्र क्वचितच होते. म्हणून या विषयाची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम छताची तपासणी

३ किलोवॅटच्या संचास साधारण ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. वर्षभराच्या सरासरीने त्यातून दिवसाला सुमारे १२ युनिट वीज मिळते. अशा संचात साधारणतः सहा पॅनेल असतात व एकेका पॅनेलचे वजन २८ किलोच्या आसपास असते. सुस्थितीतील स्लॅबला हा भार जड नाही. परंतु समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जुन्या स्लॅबमधील सळ्या गंजतात व प्लास्टरचे पापुद्रे सुटू लागतात. असे छत प्रथम स्थापत्य अभियंत्यास दाखवावे व दुरुस्ती झाल्यावरच संच बसवावा. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांचे धरले जाते. त्याखालील छतही तितके टिकावयास हवे. कौलारू घरांत वासे व तुळयांना वाळवी लागली आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. सिमेंटच्या पत्र्यावर तर कोणीही थेट पाय ठेवू नये. तो वरून भक्कम दिसतो, पण माणसाच्या वजनाने अचानक फुटतो.

स्लॅबमध्ये वाटेल तेथे भोके पाडल्यास पावसाळ्यात गळती सुरू होते. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे करून सांगाड्याचे पाय त्यांत पक्के बसवावेत व भोवतालचे जलरोधन पुन्हा करून घ्यावे. नारळाच्या झाडाखालची जागा टाळावी. सावलीने वीज घटते, शिवाय पडणारा नारळ वा झावळी पॅनेलची काच फोडू शकते.

वाऱ्याचा जोर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी कोकण किनाऱ्यावर काय घडवले, हे आपण पाहिले आहे. ताशी १५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजनाइतका असतो. तिरपे बसवलेले पॅनेल त्याखाली शिरलेल्या वाऱ्याने वर उचलले जाते. सैल सुटलेले पॅनेल शेजाऱ्याच्या अंगणात पडले तर जीवही जाऊ शकतो. म्हणून सांगाडा ताशी १५० किलोमीटरचा वारा सोसेल, याची लेखी हमी घ्यावी. तो गरम जस्तलेपन केलेल्या पोलादाचा असावा व बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. नुसता रंग दिलेले लोखंड किनाऱ्यालगत थोड्याच वर्षांत गंजते. पॅनेलच्या कडा छताच्या कठड्याबाहेर येऊ देऊ नयेत.

न थांबणारी वीज

घरातील मेन स्विच बंद केला म्हणजे सर्व वीज बंद झाली, असा आपला समज असतो. सौरसंचाच्या बाबतीत तो घातक ठरतो. ऊन आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत वीज असतेच. एकापुढे एक जोडलेल्या सहा पॅनेलमध्ये ती ३०० व्होल्टच्या आसपास पोहोचते. शिवाय ही वीज एकदिश, म्हणजे डीसी, प्रकारची असते. सैल जोडात तिची ठिणगी पेटली तर ती सहजासहजी विझत नाही, आणि आगीचे मूळ बहुधा अशाच जोडात असते. म्हणून जोडणीचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे व एकाच प्रकारचे असावेत. तारा उन्हात टिकणाऱ्या असाव्यात, त्या नळीतून नेलेल्या असाव्यात व छतावर लोंबकळू नयेत. पॅनेल व सांगाड्यासाठी, इन्व्हर्टरसाठी आणि वीजरोधकासाठी स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराखेरीज इतरांच्या हाती हे काम सोपवू नये.

वीजपुरवठा खंडित झाल्यावर ग्रिडला जोडलेला साधा संचही आपोआप बंद पडतो. अनेकांना हा दोष वाटतो. वस्तुतः खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये, यासाठीच ही योजना असते. ती बगल देऊन जनरेटर वा अन्य जोडणी कदापि करू नये.

आग लागल्यास संचावर पाणी ओतू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलास कळवताना छतावर सौरसंच आहे हे आवर्जून सांगावे. प्रवेशद्वाराशी व मीटरजवळ तशी ठळक पाटी लावावी.

काम करणाऱ्यांची काळजी

या कामातील मोठा धोका उंचीवरून पडण्याचा आहे. कामगारांच्या अंगावर सुरक्षापट्टा असावा व त्याचा दोर भक्कम आधारास बांधलेला असावा. ओल्या छतावर वा जोराच्या वाऱ्यात काम थांबवावे. पुढे धूळ पुसण्यासाठीही मुलांना वर पाठवू नये. काच सकाळी लवकर, थंड असताना, मऊ फडक्याने पुसावी आणि पॅनेलवर पाय देऊ नये.

करारात सांगाड्याची हमी, अर्थिंगच्या चाचणीचा अहवाल, कामगारांचा विमा आणि देखभालीची मुदत या चार गोष्टी लिहून घ्याव्यात, अशी आमची वाचकांना विनंती आहे. स्वस्त दरपत्रकात बहुधा याच गोष्टी गाळलेल्या असतात. आपल्या छतावर चढणारा कामगार कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष असतो. संध्याकाळी तो सुखरूप घरी परतावा, ही जबाबदारी ठेकेदाराइतकीच काम देणाऱ्या आपलीही आहे.