परसबागेतील कोंबड्यांसाठी घरगुती खाद्यभांडी: धोके आणि घ्यावयाची काळजी

परसबागेत आठ-दहा कोंबड्या पाळताना विकतचे खाद्यभांडे सहसा आणले जात नाही. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून, पीव्हीसी पाइपचा तुकडा भिंतीला बांधून किंवा बांबू उभा चिरून काम भागते. यात चुकीचे काही नाही. जमिनीवर खाद्य टाकण्यापेक्षा असे भांडे चांगलेच. खाद्य विष्ठेत मिसळत नाही आणि वायाही कमी जाते. मात्र कोंबडी दिवसभरात कितीतरी वेळा या भांड्यात डोके घालते. त्यामुळे भांड्यातील लहानसा दोषही तिला रोज त्रास देतो. कोंबडी दगावली की आपण मानमोडी आली असे समजतो. काही वेळा खरे कारण खाद्यभांड्यातच असते.

१. डब्यात आधी काय होते?

कीटकनाशक, तणनाशक किंवा उंदीरनाशकाचे रिकामे डबे, कॅन, बाटल्या खाद्य-पाण्यासाठी कधीही वापरू नयेत. प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध साबणाने किंवा गरम पाण्याने धुऊन पूर्ण जात नाही. भांड्यात राहिलेले विष कोंबडीच्या पोटात गेल्यास त्याचा अंश अंड्यातही उतरू शकतो, आणि ती अंडी घरातील मुलेच खातात. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार असे रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरणे आवश्यक आहे. लेबलवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असलेला कोणताही डबा यात येतो. हिरवा त्रिकोण म्हणजे डबा सुरक्षित, असा अर्थ काढू नये.

रंग, ऑइल, थिनर, बॅटरीचे पाणी यांचे डबेही टाळावेत. जुन्या रंगाच्या पोपड्यांत शिसे असू शकते आणि कोंबड्या ते पोपडे टोचून खातात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यात ताक घातलेले किंवा आंबलेले ओले खाद्य ठेवू नये. आंबटपणामुळे जस्त खाद्यात उतरते. खाद्यतेल, दूध किंवा किराणा मालाचे डबे स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून वापरावेत.

२. धारदार कडा

कापलेल्या पत्र्याची कड तुरा, गलोल आणि डोळ्याजवळचा भाग कापते. रक्त दिसले की इतर कोंबड्या त्याच जागी टोचू लागतात आणि लहान जखम मोठी होते. कडेवर उभी राहणाऱ्या कोंबडीच्या तळव्याला चीर पडून पुढे सूज व काळी खपली येते. ती लंगडते आणि अंडी कमी देते. पत्र्याची कड आत दुमडून ठोकून घ्यावी. पीव्हीसी पाइपच्या कडा आणि बांबूची कुसे पॉलिश पेपरने घासावीत. शेवटी कडेवरून जुने सुती फडके फिरवावे. फडके अडकले, तर काम अजून बाकी आहे असे समजावे.

३. अर्धवट मापाचे भोक

बादलीला किंवा कॅनला पाडलेल्या भोकातून डोके आत जाते. पण मागे घेताना तुरा किंवा गळ्याची पिसे अडकतात. भोक कोंबड्याच्या तुऱ्यासह डोके सहज आत-बाहेर होईल इतके मोठे असावे. पिल्ले भोकातून आत शिरून कोंडली जातात, म्हणून त्यांचे भांडे वेगळे, उथळ आणि वर जाळी असलेले ठेवावे. पिल्लांसाठी पाण्याची खोल बादली ठेवू नये. ती बुडून मरतात. उथळ ताटलीत धुतलेले गोटे ठेवून पाणी द्यावे.

४. तार, खिळे आणि सुतळी

कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि त्यांच्या मदतीने पोटातील जाड स्नायूंच्या पिशवीत दाणे दळते. चकाकणारा खिळा किंवा तारेचा तुकडाही ती तसाच गिळते आणि तो ही पिशवी फाडू शकतो. जुन्या टायरच्या कापलेल्या कडेतून निघालेल्या तारा यासाठी विशेष धोक्याच्या आहेत. सुतळीचे व पोत्याचे सुटलेले धागे जिभेला किंवा पायाच्या बोटांना गुंडाळले जातात. भांडे बनवून झाल्यावर जागा झाडून काढावी. टांगण्यासाठी जाड, न उसवणारी दोरी वापरावी व तिची गाठ दर आठवड्याला तपासावी. दहा किलो खाद्याची बादली सुटून पडली, तर खालची पिल्ले वाचत नाहीत.

५. साचलेले आणि बुरशी आलेले खाद्य

पाइपच्या वळणात खाद्य अडकते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. मका व भुईमूग पेंडीवरील बुरशीमुळे तयार होणारे अफलाटॉक्सिन यकृत बिघडवते, अंडी घटवते आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करते. बुरशीचे खाद्य उन्हात वाळवून किंवा धुऊन सुरक्षित होत नाही. ते पुरून टाकावे. पाइपचे वळण उघडता येईल असे बसवावे. भांड्यावर छप्पर असावे, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असावीत. संध्याकाळी भांडे उचलून घ्यावे. रात्री उरलेल्या खाद्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

भांडे बसवताना

- भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर असावी.
- मोठ्या कोंबडीस सुमारे १० सेंमी जागा लागते. दोन्ही बाजूंनी खाता येईल असे ५० सेंमी लांबीचे भांडे १० कोंबड्यांना पुरते.
- भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये.
- आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच खाद्य भरावे.

अचानक मरतूक झाल्यास

नवीन भांडे किंवा नवीन खाद्य वापरल्यानंतर काही तासांतच कोंबड्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली, थरथर सुटली, पाय लुळे पडले, तर विषबाधेची शंका घ्यावी. भांडे ताबडतोब काढावे, दुसऱ्या भांड्यात स्वच्छ पाणी द्यावे. भांडे व उरलेले खाद्य फेकू नये. तपासणीसाठी वेगळे ठेवावे. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्यांचे मांस आणि त्या दिवसांतील अंडी खाऊ किंवा विकू नयेत. शिजवल्याने विष जाईल याचा भरवसा नसतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा. मानमोडी, बर्ड फ्लू की विषबाधा, हे लक्षणांवरून घरी ठरवता येत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे.