सोपो आणि सोफा

पेडण्यात, मोपाच्या पठाराच्या उतारावर, माझ्या एका स्नेह्यांचं घर बांधून होत आलं होतं. घर आजच्या वळणाचं. सपाट स्लॅब, उघडं काँक्रीट, एका अंगाला जमिनीपासून छतापर्यंत काच. मागचं किंदळ-माट्टीचं रान थेट कुंपणाला येऊन टेकलेलं. बागेचा नकाशा वेगळा काढलेला, त्यात प्रत्येक पोफळीची जागा आखलेली. घराच्या नकाशात व्हरांड्याच्या भिंतीला लागून एक लांबोडका चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'बिल्ट-इन सोफा'. गवंड्याने कागद उलटासुलटा केला, चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हो सोपो न्हय? सोफो कित्याक बरयला?"

त्या 'प' आणि 'फ'च्या फरकाने माझे पुढचे सहा महिने खाल्ले.

सोपो म्हणजे गोव्यातल्या घराच्या दारात, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना, चिरे रचून बांधलेली बैठक. बसायला गुडघ्याइतकी उंच, पाठीला किंचित कललेली भिंत, वर लाल गिलावा घोटून घोटून आरशासारखा केलेला. साष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती घरांना पुढे बलकाव असतो, त्यात समोरासमोर दोन सोपे. पेडण्या-डिचोलीच्या हिंदू घरांत बलकाव क्वचित, पण सोपो आहेच.

बलकावाची व्युत्पत्ती एका ओळीत संपते. मूळ जर्मानिक शब्द तुळईचा, त्यावरून इटालियन 'बाल्कोने', पोर्तुगीज 'बाल्कांव', मग आपला बलकाव. फारसी 'बालाखाना' म्हणजे वरची खोली, त्यावरून बाल्कनी, असं एक मत अधूनमधून ऐकू येतं. कानाला गोड आहे, पण तेवढंच.

सोपोचं तसं नाही. माझी आजी आजऱ्याची. तिच्या तोंडी 'सोप्यात बस' हे वाक्य दिवसातून दहादा. कोल्हापूरकडे सोपा म्हणजे बाक नव्हे, घराचं पुढचं दालन. खांबांवर उभं, अंगणाकडे उघडं. घराचा आवाकाही त्यावरूनच सांगतात: एकसोपी, दुसोपी. म्हणजे घाटावर सोपा ही खोली आणि घाटाखाली सोपो हा बाक. शब्द एक, वस्तू दोन. हे कसं?

पहिला दावा संस्कृतवाल्यांचा: सोपान. पायऱ्यांच्या बाजूला बांधतात म्हणून सोपो. एका निवृत्त शिक्षकांनी मला हे इतक्या ठामपणे सांगितलं की मी मान डोलावून आलो. घरी आल्यावर खोट दिसली. संस्कृतातून प्राकृतामार्गे आलेल्या शब्दांत दोन स्वरांमधला 'प' टिकत नाही. दीपाचा दिवा झाला, तापाचा ताव झाला. सोपानाचंही प्राकृतात सोवाण झालं. शब्द त्या वाटेने आला असता तर आज आपण 'सोवा'वर बसलो असतो. आणि पोथीतून जसाच्या तसा उचलला असता तर शेवटचा 'न' गेला कुठे?

दुसरा दावा पोर्तुगीजवाल्यांचा. पोर्तुगीजमध्ये 'सोफा' आहे, साहेबाच्या दिवाणखान्यातला सोफा दारात आला आणि सोपो झाला. याला मी सुरुवातीला हसलो, नंतर हसू आवरलं. आजऱ्यापर्यंत पोर्तुगीज पोचले नव्हते हे खरं, पण त्यांची चावी, पगार आणि बटाटा विदर्भापर्यंत गेलेच की. 'फ'चा 'प' होत नाही असंही म्हणता येत नाही. 'फीत' तशीच राहिली, पण 'आल्फिनेत'ची आलपीन झाली.

तरी दावा अडतो तो अर्थावर. चावी हातात धरायची वस्तू आहे, ती बाजारातून गावोगाव जाते. दालन तसं विकत मिळत नाही. पोर्तुगीज सोफा म्हणजे गादीची बैठक. तिचं कोल्हापुरात खांबांचं दालन कसं होईल? शिवाय डिचोली आणि पेडणे नव्या काबिजादीतले. पणजीच्या आसपास पोर्तुगीज १५१० पासून होते, साष्टी-बारदेश १५४३ ला त्यांच्याकडे गेले. डिचोली मात्र १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ ला, सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेलं. इथल्या गवंड्याने बसायच्या जागेचं नाव पणजीच्या साहेबाकडून आणलं, हे माझ्या पचनी पडत नाही.

आता माझा दावा. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे सावलीतला ओटा. मदिनेच्या मशिदीला लागून असा एक छप्पर घातलेला ओटा होता. ज्यांना घरदार नव्हतं ते पैगंबरांचे सोबती तिथे राहत आणि 'सुफ्फावाले' म्हणूनच ओळखले जात. हाच शब्द तुर्कांकडे गेला आणि 'सोफा' झाला. आणि इथे मी खुर्चीवरून उठलो. कारण जुन्या तुर्की घरात सोफा हे आसन नाही. सोफा म्हणजे घराचं मधलं दालन, ज्यात सगळ्या खोल्या उघडतात! त्या दालनात किंवा खोलीच्या कडेला गालिचे-लोड टाकलेली उंच बैठक असे. युरोपियनांनी ती पाहिली आणि बैठकीला दालनाचं नाव चिकटवलं. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात दिसतो, तोही आधी गालिचा घातलेल्या उंचवट्यासाठी. पाय फुटलेलं, स्प्रिंगा भरलेलं लाकूडसामान नंतरचं.

म्हणजे दालन आणि बैठक हा दुहेरी अर्थ त्या शब्दाच्या अंगातच आहे. कोल्हापूरने दालन ठेवलं, गोव्याने बैठक ठेवली.

राहिला 'फ'. फारसीतून आलेल्या दफ्तरचं आपण दप्तर केलं, हफ्त्याचा हप्ता केला, अरबी 'कुफ्ल'चं कुलूप केलं. मग सुफ्फ्याचा सोपा करायला कितीसा वेळ? (फौज आणि साफ यांत 'फ' शाबूत राहिला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.)

शब्द आला कोणत्या दारातून? मी १४७२ कडे बोट दाखवतो. त्या वर्षी बहामनींचा वजीर महमूद गवान याने गोवा घेतला, आणि गवान स्वतः इराणातल्या गिलानचा. पुढे आदिलशाही. दप्तर, कुलूप, हप्ता ही सगळी मंडळी त्याच राजवटींच्या कारभारातून मराठीत शिरली, सोपाही त्यांच्यासोबत आला असणार. डिचोलीत नमाजगाह अजून उभी आहे, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता त्या काळातली म्हणून ओळखली जाणारी. पण तोवर सोपो इथे जुना झाला असेल, असं मी धरून चालतो.

गोव्यात दालनाचा अर्थ का गळला, याचंही उत्तर माझ्याकडे आहे, अंदाजाचं. तिथे दालनाला पोर्तुगीज 'साला'वरून 'साल' म्हणू लागले, हिंदू घरात वसरी होतीच. खोलीला नावं जास्त झाली तेव्हा सोपो सरकत सरकत दारातल्या बाकावर जाऊन बसला.

स्नेह्यांच्या वास्तुविशारद बाईंना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांचा सोफा निराळ्याच घराण्याचा निघाला. श्रीलंकेचे जेफ्री बावा त्यांचं दैवत. बावांनी १९४८ मध्ये लुनुगंगाचा मळा घेतला आणि घर, बाग, तळं यांवर आयुष्यभर काम केलं. भिंतीतूनच उगवलेल्या सिमेंटच्या बैठका त्यांच्या घरांत पाहून बाईंनी चौकोन काढला होता. गवंडी चिऱ्यांचा आग्रह धरून बसला. काँक्रीट दुपारी तापतं, चिरा तापत नाही, हा त्याचा मुद्दा. शेवटी तडजोड झाली: आत चिरे, वर लाल ऑक्साइडचा गिलावा. बसायच्या पृष्ठाला त्याने बाहेरच्या बाजूला बोटभर उतार दिला, नकाशात नसलेला. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो इथे, पाणी बसायला येणारच, त्याला उठवायची सोय हवी म्हणाला.

जूनमध्ये गेलो तेव्हा मालकीणबाईंनी त्यावर गाद्या टाकल्या होत्या. पहिल्या सरीला गाद्या आत गेल्या, काचेपलीकडच्या मुंबईहून आणलेल्या कातडी सोफ्यावर रचून ठेवल्या गेल्या. गवंडी उरलेल्या बिलासाठी आला होता. तो आत आला नाही. सोप्यावर, उताराच्या वरच्या कडेला, पाठ टेकून बसला.